साथीदाराचा विनोद : पु. ल. देशपांडे यांची पेटी, दूरचित्रवाणी आणि एकपात्री सादरीकरण

बीजशब्द : विनोद, साथसंगत, हार्मोनियम, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, एकपात्री प्रयोग, व्यक्तिचित्र, झाडीपट्टी

प्रस्तावना

पु. ल. देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९ – १२ जून २०००) यांच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. या लेखनाचा बराचसा भाग आठवणींचा व कृतज्ञतेचा आहे, आणि समीक्षेचा जो भाग आहे तो प्रामुख्याने त्यांच्या मुद्रित साहित्याभोवती फिरतो. विनोदी लेखक, नाटककार, प्रवासवर्णनकार, संगीतकार, नट, पेटीवादक, नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील निर्माता अशी त्यांच्या कर्तृत्वाची यादी प्रत्येक परिचयलेखात येते. 'अष्टपैलू' हे विशेषण जोडले की यादी संपते. या पैलूंचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. एकाच माणसाने पेटीही वाजवली आणि लोकांना हसवलेही, एवढाच त्यांचा संबंध आहे, की पेटी वाजवण्याच्या शिस्तीतूनच त्या हसवण्याला आकार आला, असा हा प्रश्न आहे.

प्रस्तुत निबंधाची भूमिका दुसऱ्या पर्यायाच्या बाजूची आहे. पु. लं. चा विनोद हा मुळात साथीदाराचा विनोद आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. साथीदार म्हणजे मैफलीत मुख्य गायकाच्या किंचित मागे राहून त्याचा सूर उचलणारा, त्याने सोडलेल्या जागा भरणारा आणि त्याच्यावर कधीही कुरघोडी न करणारा वादक. पु. लं. च्या उत्तम लेखनात आणि सादरीकरणात मुख्य गायक ती 'व्यक्ती' असते आणि निवेदक पेटीवर बसलेला असतो. जेथे हा क्रम उलटतो, तेथे त्यांचा विनोद उथळ होतो. हा निकष मान्य केल्यास त्यांच्या साहित्यातील सरस-नीरस वेगळे करण्याचे एक साधन आपल्या हाती येते, आणि ते केवळ आवडीनिवडीवर अवलंबून राहत नाही.

हा प्रश्न आपल्या भागातील मराठीच्या अध्यापकांच्या दृष्टीने पुस्तकी नाही. गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी किंवा हिंदी बोलतो. गिरगावातील चाळ, पार्ल्यातील गणेशोत्सव, रत्नागिरीतील आळी यांचा त्याच्या अनुभवाशी काही संबंध नसतो. छापील पाठ वाचून दाखवला तर वर्गात हसू येत नाही. अध्यापकाला विनोद समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगितलेला विनोद हा विनोद राहत नाही, हे आपण सर्वच जाणतो. तोच मजकूर लेखकाच्या आवाजात ऐकवला की मात्र अनोळखी शब्दांच्या आधीच हसू येते. या फरकाचा उलगडा संदर्भांच्या स्पष्टीकरणाने होत नाही. तो लय आणि विराम यांच्या बाजूने शोधावा लागतो.

पेटीवरची तालीम

पु. लं. चा जन्म मुंबईचा आणि बालपण जोगेश्वरी व विलेपार्ले येथले. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लेखन करीत. रवींद्रनाथांच्या 'गीतांजली'चा त्यांनी मराठीत अनुवाद केला होता. घरात वाचन होते, भजन होते आणि पेटी होती. भास्कर संगीतालयाचे दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे त्यांना हार्मोनियमचे शिक्षण मिळाले. त्या काळी मराठी मध्यमवर्गीय घरातील पेटी म्हणजे नाट्यसंगीताचे दार होते. बालगंधर्वांची पदे, गोविंदराव टेंबे यांच्या चाली आणि वादन यांचे संस्कार घेऊन हा मुलगा वाढला. पुढे टेंब्यांविषयी त्यांनी लिहिले ते त्यामुळेच शिष्यभावाने.

हार्मोनियम या वाद्याचा स्वभाव येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. त्याचे स्वर पट्ट्यांत बांधलेले आहेत. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर त्यावर निघत नाही, म्हणून त्याला मींड नाही. सारंगीप्रमाणे गळ्याची हुबेहूब नक्कल करणे त्याला अशक्य आहे. तेव्हा चांगला पेटीवादक जे वाद्यात नाही त्याचा भास निर्माण करतो. भात्याचा दाब कमी-अधिक करून, स्वर किंचित उशिरा सोडून, कणस्वराचा ओझरता स्पर्श देऊन तो ऐकणाऱ्याच्या मनात मींड पूर्ण करून घेतो. अर्धे काम श्रोत्यावर सोपवण्याची ही कला आहे. पु. लं. च्या सादरीकरणातील नकला ज्यांनी लक्षपूर्वक ऐकल्या असतील त्यांना हे साम्य जाणवल्याशिवाय राहणार नाही. ते कोणाचाही आवाज हुबेहूब काढत नाहीत. बेळगावकराचा एखादा हेल, कोकणी म्हाताऱ्याच्या बोलण्यातील एखादा अनुनासिक स्वर तेवढा ते ठेवतात आणि उरलेला माणूस श्रोता स्वतः उभा करतो.

चित्रपटांतील त्यांची कामगिरी येथे थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. 'कुबेर' (१९४७) पासून त्यांचा चित्रपटांशी संबंध आला. 'गुळाचा गणपती' (१९५३) मध्ये कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशी सर्व जबाबदारी त्यांनी पेलली. याच चित्रपटात ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना दिलेली व भीमसेन जोशी यांनी गायिलेली 'इंद्रायणी काठी' ही रचना आहे. त्याच वर्षीच्या 'देवबाप्पा'तील आशा भोसले यांच्या आवाजातील 'नाच रे मोरा' आजही बालवाडीत म्हटले जाते. पुढे मंगेश पाडगावकरांच्या कवितांना चाली देऊन त्यांनी त्या जितेंद्र अभिषेकींकडून गाऊन घेतल्या. या चालींमध्ये संगीतकाराचे अस्तित्व फार जाणवत नाही. शब्दाला जेवढी जागा हवी तेवढी ठेवून चाल बाजूला होते. ही सवय साथीदाराची आहे.

निषिद्ध वाद्याचा वादक सरकारी माध्यमात

१९५५ मध्ये पु. ल. आकाशवाणीच्या सेवेत रुजू झाले. तत्पूर्वी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात आणि मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले होते. आकाशवाणीतील या प्रवेशात एक विलक्षण विसंगती आहे आणि चरित्रपर लेखनात तिची फारशी दखल घेतली जात नाही. त्या काळी आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती.

१९४० च्या मार्चपासून आकाशवाणीच्या प्रसारणातून हे वाद्य वर्ज्य करण्यात आले होते. लायोनेल फील्डन हे नियंत्रक आणि दिल्ली केंद्रावरील इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स या दोघांचेही मत पेटीच्या विरोधात होते. भारतीय रागांतील श्रुतींना हे समान अंतरांचे, परदेशी बनावटीचे वाद्य न्याय देऊ शकत नाही, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूर यांनीही पेटीच्या विरोधात आपले वजन टाकले होते. स्वातंत्र्यानंतर बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना ती अधिकच निष्ठेने पाळली गेली. ती शिथिल होण्यास १९७१ उजाडावे लागले.

म्हणजे ज्या संस्थेत पु. ल. कार्यक्रमांची निर्मिती करीत होते, त्या संस्थेच्या लेखी त्यांचे स्वतःचे वाद्य अशुद्ध होते. ज्या रवींद्रनाथांचा अनुवाद आजोबांनी केला आणि ज्यांच्यासाठी पु. लं. नी स्वतः पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकून शांतिनिकेतन गाठले, त्या रवींद्रनाथांचेही मत वाद्याच्या विरोधात होते. या विसंगतीचा त्यांच्या विनोदाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. आमच्या मते तो निकटचा आहे. शुद्धतेच्या नावाखाली बाहेर ठेवलेल्या गोष्टींविषयी त्यांना वाटणारी ओढ त्यांच्या लेखनात सर्वत्र आहे. 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकात आचार्यांचा कडक विरक्तवाद आणि काकाजींची रसिकता यांचा जो संघर्ष आहे, तो एका अर्थाने पेटीला हद्दपार करणाऱ्या वृत्तीशीच आहे. व्यक्तिचित्रांतील माणसेही अशीच आहेत. प्रमाणभाषेच्या कसोटीवर त्यांतील एकही 'शुद्ध' ठरणार नाही.

दिल्ली, लंडन आणि पडदा

भारतातील दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत, युनेस्कोच्या साहाय्याने, प्रायोगिक स्वरूपात झाला. आठवड्यातून दोन दिवस आणि थोडाच वेळ असे ते प्रसारण होते. या माध्यमाच्या प्रशिक्षणासाठी पु. लं. ना युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर लंडनला बीबीसीमध्ये पाठवण्यात आले. 'अपूर्वाई' (१९६०) हे प्रवासवर्णन त्याच वास्तव्याचे फळ होय. दिल्लीच्या या नव्या केंद्राच्या सुरुवातीच्या निर्मात्यांत त्यांचा समावेश होता, आणि दूरदर्शनवर पंडित नेहरूंची मुलाखत घेणारी पहिली व्यक्ती म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते.

येथपर्यंतचा इतिहास सर्वज्ञात आहे. विचार करण्याजोगी बाब पुढची आहे. ज्या माणसाला देशाने दूरचित्रवाणीसाठी खास शिकवून आणले, तो अल्पावधीतच सरकारी सेवेतून बाहेर पडला आणि १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटा रंगमंचावर उभा राहिला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यांची रंगमंचीय कारकीर्द बहराला येऊन गेली होती. म्हणून त्यांना रूढ अर्थाने 'दूरदर्शनचा विनोदवीर' म्हणता येणार नाही. दूरदर्शनच्या मराठी प्रेक्षकाच्या मनात घर करणारी पहिली विनोदी व्यक्तिरेखा चिं. वि. जोशी यांचा चिमणराव. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे या नटांनी चिमणराव-गुंड्याभाऊंना चेहरे दिले. पु. लं. च्या बाबतीत असे घडणे कठीण होते, कारण त्यांच्या माणसांचा चेहरा त्यांच्याच आवाजात होता. पुढे 'व्यक्ती आणि वल्ली'वर आधारित 'नमुने' ही हिंदी मालिका २०१८ मध्ये आली. तिच्यात कथानक आहे, पात्रे आहेत, सद्भाव आहे. परंतु साथीची पेटी नाही, आणि त्यामुळे पात्रे एकाकी वाटतात.

तथापि दूरचित्रवाणीचे ते शिक्षण वाया गेले असे समजणे चुकीचे ठरेल. 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' आणि पुढील काळातील अभिवाचने यांची ध्वनिचित्रमुद्रणे आज उपलब्ध आहेत. ती पाहताना लक्षात येते की हा नट कॅमेऱ्याला कधी घाबरवत नाही. त्याच्या हालचाली लहान आहेत. भुवई उंचावणे, चष्म्याआडून क्षणभर बाजूला पाहणे, ओठ मिटून एक मात्रा थांबणे एवढ्यावर काम भागते. त्या काळचा रंगमंचीय विनोद शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी अंगविक्षेपांचा आधार घेत असे. पु. ल. मोठ्या नाट्यगृहातही दिवाणखान्यात बोलल्यासारखे बोलतात. ध्वनिक्षेपकाजवळ हळू बोलण्याची आकाशवाणीची सवय आणि चौकटीत मावण्याची दूरचित्रवाणीची शिस्त त्यांनी रंगमंचावर नेली. पुढे त्यांच्या अभिवाचनांच्या ध्वनिफिती व चित्रफिती घरोघर पोहोचल्या. पूर्व विदर्भासारख्या दूरच्या भागातील रसिकाला ते भेटले ते पुस्तकांतून आणि या मुद्रणांतून. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाजवळ प्रत्यक्ष प्रयोगाची आठवण असते. आपल्याजवळ मुद्रणच आहे, आणि तेच आपले मूळ संहितास्थान आहे. समीक्षेने याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

साथीचे तंत्र

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. साथीदाराचा विनोद म्हणजे नेमके काय?

'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२, साहित्य अकादमी पुरस्कार १९६५) मधील 'सखाराम गटणे' पाहावा. गटणे पुस्तकी मराठीत बोलतो. त्याची वाक्ये छापून आल्यासारखी पूर्ण, संस्कृतप्रचुर आणि भावनेने ओथंबलेली असतात. याच्यासमोर निवेदकाने चटपटीत उत्तरे द्यावीत, त्याची टर उडवावी, हा सोपा मार्ग होता. पु. ल. तो टाळतात. निवेदक जेमतेम हुंकार भरतो, अडखळतो, विषय बदलू पाहतो. गटण्याची तान लांबत जाते आणि निवेदकाचे आखूड स्वर तिच्या खाली ठेका धरून राहतात. हशा येतो तो या दोन लयींच्या अंतरातून. परिणाम असा की वाचक गटण्याला हसतो, पण त्याला तुच्छ लेखत नाही. कारण निवेदकाने स्वतःला त्याच्या वर ठेवलेले नाही.

'अंतू बर्वा' हे याच तंत्राचे अधिक अवघड रूप आहे. अंतूशेठ हे तिरकस बोलणारे गृहस्थ. त्यांचा प्रत्येक शब्द बोचरा. रत्नागिरीत वीज आली तरी तिच्या उजेडात आपले दारिद्र्यच दिसायचे, अशा आशयाचे त्यांचे बोल मराठी वाचकाच्या स्मरणात आहेत. अभिवाचनात येथे पु. ल. काय करतात ते ऐकण्यासारखे आहे. ते वाक्यावर जोर देत नाहीत. वाक्य संपल्यावर हशा येण्याइतकी जागा सोडतात, आणि हशा ओसरत असताना त्याखालचे दुःख प्रेक्षकांपर्यंत पोहोचू देतात. समेवर येऊन गायक थांबला की कसबी पेटीवाला लगेच वाजवू लागत नाही. तो स्वर विझू देतो. हे विझू देणे छापील पानावर दाखवता येत नाही. परिच्छेद बदलणे एवढेच मुद्रणाच्या हाती असते.

'गणगोत' (१९६६) मधील 'रावसाहेब' हे या दृष्टीने त्यांच्या व्यक्तिचित्रांचे शिखर म्हणावे लागेल. बेळगावचे रावसाहेब गाण्याचे आणि नाटकाचे वेडे. कानडी हेलाची त्यांची मराठी शिव्यांनी मढलेली आहे. पु. ल. येथे अक्षरशः साथीला बसलेले आहेत. ज्या मैफलींतून ही मैत्री जमली त्या मैफलीच या लेखाचा कणा आहेत. शिवी हा येथे शब्द नाही, ती तिहाई आहे. रावसाहेबांचे प्रत्येक वाक्य तिच्यावर येऊन सुटते आणि श्रोता तिची वाट पाहू लागतो. लेखाच्या अखेरीस, बेळगाव सोडण्याच्या प्रसंगी, तोच शिवराळ माणूस आला होतास तरी कशाला असा आक्रोश करतो, तेव्हा इतका वेळ परिचित झालेला ताल अचानक तुटतो. रडू येते ते या तुटण्यामुळे. आशय म्हणून पाहिल्यास मित्राचा निरोप ही सामान्य घटना आहे.

'बटाट्याची चाळ' मध्ये हेच तंत्र वृंदवादनासारखे वापरले आहे. 'उपास' या प्रकरणात वजन कमी करण्याचा संकल्प करणाऱ्या निवेदकाला चाळीतील प्रत्येक जण निराळा सल्ला देतो. प्रत्येक सल्ला ही एकाच मुखड्याची नवी बढत आहे. प्रत्येक वेळी आपण फिरून त्याच वजनाच्या आकड्यावर येतो. 'संगीतिका' मध्ये तर संगीत हाच उपहासाचा विषय आहे. आणि एवढा गोंधळ झाल्यावर शेवटचे 'चिंतन' येते. विनोदी पुस्तकाला असा गंभीर शेवट का, हा आक्षेप जुना आहे. परंतु मैफलीची सांगता भैरवीने होते हे ज्याच्या अंगात मुरलेले आहे, त्याला या शेवटाचे आश्चर्य वाटू नये.

येथे एका परदेशी कलावंताचे स्मरण उपयुक्त ठरेल. डेन्मार्कमध्ये जन्मलेला (१९०९) आणि अमेरिकेत स्थायिक झालेला पियानोवादक व विनोदकार व्हिक्टर बोर्ग हाही २००० मध्येच निवर्तला. 'कॉमेडी इन म्युझिक' हा त्याचा एकपात्री प्रयोग १९५३ मध्ये ब्रॉडवेवर सुरू झाला आणि त्याचे ८४९ प्रयोग झाले. दूरचित्रवाणीने त्याला घरोघर नेले. बोर्ग पियानोजवळ बसून अभिजात संगीताच्या गांभीर्याची गंमत करतो. वाजवता वाजवता थांबतो, चुकल्याचे सोंग करतो, विरामचिन्हांना आवाज देतो. त्याच्या विनोदाचा विषय संगीत आहे. पु. लं. च्या बाबतीत, 'संगीतिका'सारखे अपवाद वगळता, संगीत हा विनोदाचा विषय नसून त्याची रीत आहे. मैफलीत पेटीवर बसल्यावर त्यांनी कधी विदूषकी केली नाही. पेटी गंभीरपणे वाजवायची, आणि तिच्याकडून शिकलेले मात्र बोलताना वापरायचे, असा हा व्यवहार होता.

साथ सुटते तेव्हा

या निकषाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. अन्यथा हा निबंध आणखी एक गौरवलेख ठरेल. साथीदाराला गायकाचे घराणे ठाऊक असावे लागते. ज्यांच्या मैफलीत पु. ल. बसले नाहीत, त्यांची साथ त्यांना जमली नाही.

मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावरील त्यांचा प्रसिद्ध लेख घ्यावा. त्यातील पुणेकर अजोड आहे. पुणेरी वाक्याचा चढ-उतार, त्यातील अपमान करण्याची अदब, मतप्रदर्शनाचा आत्मविश्वास हे सर्व कानात साठवलेले आहे. मुंबईकर तर घरचाच. नागपूरकराच्या वाट्याला मात्र तुलनेने आखूड मजकूर आला आहे, आणि तो भाषेच्या व स्वभावाच्या ठळक खुणांवर उभा आहे. येथे गायक गातच नाही. पेटीवाला एकटाच वाजवतो आहे. विदर्भातील श्रोता याला हसतो, प्रस्तुत लेखकही हसतो, परंतु ते हसू पाहुण्याने आपल्या घराची नक्कल केल्यावर यजमान जसा हसतो तशा जातीचे आहे. आणि गोंदियाहून पाहिल्यास नागपूरही पश्चिमेला सुमारे १३० किलोमीटरवर आहे. त्या लेखातील 'नागपूरकर' म्हणजे संपूर्ण विदर्भ, असे मानण्याची पश्चिम महाराष्ट्राची सवय गृहीत धरली, तर वैनगंगेच्या खोऱ्यातील माणूस त्या चित्रात कोठेच नाही.

हा केवळ प्रादेशिक रुसवा नव्हे. विदर्भाशी पु. लं. चे नाते उथळ होते असेही नाही. त्यांचे जिवलग स्नेही वसंतराव देशपांडे हे मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकलेले. वसंतरावांविषयी पु. ल. लिहितात किंवा बोलतात, तेव्हा त्या शब्दांत खोटा स्वर लागत नाही, कारण त्या गळ्यामागे त्यांनी वर्षानुवर्षे पेटी धरली होती. फरक प्रदेशाचा नसून सहवासाचा आहे. मराठी विनोदी गद्याची परंपराही विदर्भाला परकी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म नागपूरचा आणि त्यांची वकिली वऱ्हाडातली. राम गणेश गडकरी यांचे देहावसान सावनेरला जानेवारी १९१९ मध्ये झाले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पु. लं. चा जन्म झाला. तरीही पु. लं. च्या हाती ही परंपरा आली तेव्हा तिचा भूगोल गिरगाव, पार्ले, पुणे, कोकण, बेळगाव असा आखला गेला.

दुसरी मर्यादा स्त्रियांची. 'व्यक्ती आणि वल्ली'तील माणसे पुरुषच आहेत. चाळीतील स्त्रिया समूहाने बोलतात. एकटी, सलग, स्वतःच्या लयीत बोलणारी स्त्री त्यांच्या विनोदात शोधावी लागते. 'ती फुलराणी' (१९७५) मधील मंजुळा ही अर्थातच तेजस्वी अपवाद आहे आणि भक्ती बर्वे यांनी तिला अजरामर केले. परंतु तेथे बंदिश शॉची होती, पु. लं. नी तिला मराठी बोलीचा साज चढवला. आधी कोणी गायले असेल तर त्यावर वाजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गोगोलवरून बेतलेला 'अंमलदार' (१९५२) आणि ब्रेख्टवरून केलेला 'तीन पैशांचा तमाशा' (१९७८) हेच दाखवतात. रूपांतर हे त्यांचे दुय्यम काम मानले जाते. साथीदाराच्या दृष्टीने पाहिल्यास ते त्यांच्या स्वभावाला सर्वांत जवळचे काम आहे.

उत्तरायुष्यात त्यांनी सुनीताबाईंसह बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे वाचन केले, याकडेही या दृष्टीने पाहावे. लोकप्रियतेच्या शिखरावरील लेखक स्वतःचे न वाचता दुसऱ्याच्या ओळी वाचण्यासाठी प्रेक्षकांसमोर बसतो, हे मराठीत नेहमी घडत नाही.

झाडीपट्टीच्या कानाने

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत यांची परंपरा आहे. दिवाळीनंतर मंडई भरतात, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्रभर प्रयोग रंगतात. खडी गंमतीत ढोलकीच्या साथीवर शाहीर गातो, मध्येच थांबून बोलतो, सोंगाड्याला उत्तर देतो आणि पुन्हा गाण्यावर येतो. झाडीपट्टीच्या नाटकातही वादक समोर बसून असतात. नटाच्या वाक्यानंतर ढोलकीची एक थाप किंवा पेटीचा एक सूर पडतो आणि त्यावर हशा येतो. हे सर्व आपल्या विद्यार्थ्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. बोलणे आणि वाजवणे यांच्या मधल्या जागेत विनोद असतो, हे त्याला सिद्धांत म्हणून सांगावे लागत नाही.

म्हणूनच पु. ल. त्याला परके नाहीत. परकी आहे ती त्यांना शिकवण्याची आपली पद्धत. आपण पाठ हातात देतो, कठीण शब्दांचे अर्थ लिहून देतो, 'विनोदनिर्मितीची साधने' म्हणून अतिशयोक्ती, उपहास, शाब्दिक कोटी यांची यादी पाठ करून घेतो आणि परीक्षेत तीच विचारतो. या यादीत विराम नाही. लय नाही. निवेदकाने किती वेळा गप्प बसणे पसंत केले, हे मोजण्याची सोय नाही. एखाद्या राग-बंदिशीचे नोटेशन विद्यार्थ्याकडून पाठ करून घ्यावे आणि गाणे ऐकवूच नये, तसा हा प्रकार आहे.

यावर प्रस्तुत लेखकाची सूचना साधी आहे. 'रावसाहेब' किंवा 'अंतू बर्वा' यांचे अभिवाचन संहितेच्या आधी, संहिता हातात न देता, वर्गात ऐकवावे. नंतर छापील मजकूर देऊन विद्यार्थ्यांना एवढेच काम सांगावे, की लेखक कोठे थांबला तेथे पेन्सिलीने खूण करा. या खुणा विरामचिन्हांशी जुळत नाहीत, हे विद्यार्थ्यांच्याच प्रथम लक्षात येते. पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. त्याच विद्यार्थ्याने आपल्या गावातील एखाद्या बोलक्या माणसाजवळ बसावे, त्याची झाडीबोली किंवा पोवारी जशी आहे तशी ऐकावी आणि त्याच्या मागे राहून चार पाने लिहावीत. नागपूरकराच्या चित्रात जो माणूस आला नाही, तो येण्याचा मार्ग मुंबईच्या लेखकाकडे तक्रार करण्यात नाही. पेटी आता याच वर्गात कोणीतरी मांडीवर घ्यावयाची आहे.

अडचण मूल्यमापनाची आहे. ऐकण्याला गुण कसे द्यावेत, हे आपल्या प्रश्नपत्रिकांना अद्याप ठाऊक नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांपैकी काही गुण यासाठी राखून ठेवता येतील. अभ्यासमंडळाच्या संमतीवाचूनही एवढे करता येणे प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाला शक्य आहे.